घटातले कोंब नंदादीपाकडे न वळता खिडकीकडे का वळले?

मंगळवार पेठ

आमच्या घरी, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यात, देवघर माजघराच्या कोपऱ्यात आहे. यंदाही नेहमीप्रमाणे परडीत काळी माती भरून गहू आणि जोंधळा पेरला आणि घट बसवला. घटाच्या दक्षिणेला वीतभर अंतरावर अखंड दिवा आहे. उत्तरेला आठ-नऊ फुटांवर एक लहान खिडकी बोळात उघडते आणि तिच्यातून ऊन कधीच आत येत नाही. पाचव्या माळेच्या दिवशी संध्याकाळी आरती करताना लक्षात आले की सगळे कोंब एका बाजूला झुकले आहेत, आणि ती बाजू दिव्याची नसून खिडकीची आहे. सासूबाईंना हे फारसे रुचले नाही. देवाच्या दिव्याकडे पाठ कशी केली, असे त्या म्हणाल्या.

घट उठेपर्यंत हलवायचा नसतो, म्हणून मी त्याला हात लावला नाही. मात्र त्याच दिवशी पेरलेली धान्याची एक वाटी मी शेजारी ठेवली होती, ती अर्धी फिरवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्यातले कोंबही पुन्हा खिडकीकडे वळले होते.

माझे दोन प्रश्न आहेत. दिवा जवळ आहे आणि डोळ्यांना खिडकीपेक्षा तोच उजळ दिसतो, तरी कोंबांनी खिडकी का निवडली? दुसरे म्हणजे, घटातले कोंब दरवर्षी पिवळे आणि उंच होतात, ते कशामुळे? शाळेत आम्ही ‘वनस्पती प्रकाशाकडे वळतात’ एवढेच शिकलो होतो, पण कोणत्या प्रकाशाकडे वळतात हे कोणी सांगितले नव्हते.

पर्णहरित

ताई, प्रश्न नेमका आहे. मी महाविद्यालयात अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, पण घटाचे हे उदाहरण वर्गात द्यावे असे मला कधी सुचले नाही याची आज खंत वाटते.

कोंबांच्या वळण्याच्या दृष्टीने प्रकाशाचा जवळपास सगळा परिणाम त्यातल्या निळ्या भागावर अवलंबून असतो. साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, आणि त्यातही ४५० च्या आसपासचा, कोंबांना सर्वांत जास्त वळवतो. तांबड्या प्रकाशाकडे ते जवळजवळ वळतच नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ युलियुस झाक्स यांनी १८६४ मध्येच हे दाखवले होते. त्यांनी रोपांवर येणारा प्रकाश रंगीत द्रावणांतून गाळून घेतला. पोटॅशियम डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणातून आलेल्या प्रकाशाकडे रोपे वळली नाहीत आणि तांब्याच्या क्षाराच्या गडद निळ्या द्रावणातून आलेल्या प्रकाशाकडे मात्र वळली.

आता तुमच्या देवघरातले दोन प्रकाश पाहू. तेलाच्या ज्योतीचा उजेड मुख्यतः तांबडा-पिवळा असतो आणि त्यात निळा भाग अगदी थोडा असतो. खिडकीतून येतो तो उत्तरेकडच्या आकाशाचा प्रकाश. आपल्याकडे नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव होतो, तेव्हा गाभाऱ्यापर्यंत पोहोचणारे मावळतीचे किरण केशरी दिसतात, कारण हवेच्या जाड थरातून येताना त्यांतला निळा भाग वाटेतच विखुरलेला असतो. हाच विखुरलेला निळा प्रकाश आपल्याला आकाशाचा रंग म्हणून दिसतो. सूर्य न दिसणारी तुमची खिडकी म्हणूनच निळ्या प्रकाशाने समृद्ध आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असल्यामुळे तुम्हाला दिवा उजळ वाटला. कोंबाचे मोजमाप वेगळे आहे.

मात्र मलाही एक प्रश्न विचारायचा आहे. तुम्ही कोंब नेहमी संध्याकाळीच पाहिलेत का? पहाटे पाहिलेत का? ज्योतीत निळा प्रकाश थोडा असला तरी मुळीच नसतो असे नाही, आणि रात्री खिडकी अंधारीच असते.

मंगळवार पेठ

सर, मनापासून आभार. मी दोन्ही वेळा संध्याकाळीच पाहिले होते. उद्या पहाटे वाटी पाहून लिहिते.

वारणाकाठ

यात एवढे गूढ काही नसावे असे मला वाटते. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषते व हिरवा परतवते, हे आपण सर्व जाणतो. वनस्पतीला अन्न तयार करायला निळा प्रकाश लागतो, म्हणून ती त्याच्याकडे वळते. खिडकीकडे अन्न जास्त होते, एवढेच याचे उत्तर आहे.

पर्णहरित

हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि काही पाठ्यपुस्तकांची मांडणीही त्याला हातभार लावते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अन्नासाठी वळायचे असते, तर तांबड्या प्रकाशाकडेही वळायला हवे होते, कारण प्रकाशसंश्लेषण तांबड्या प्रकाशातही उत्तम चालते. तसे होत नाही, हे झाक्स यांच्या प्रयोगात दिसले आहे. त्याहून मोठा पुरावा ताईंच्या परडीतच आहे. ते कोंब पिवळे आहेत, म्हणजे त्यांच्यात हरितद्रव्य जेमतेमच तयार झालेले आहे. सपुष्प वनस्पतींमध्ये हरितद्रव्य घडवण्याच्या शेवटच्या टप्प्यांपैकी एक पायरी प्रकाशाशिवाय पूर्णच होत नाही, त्यामुळे अंधारात कोंब पिवळे राहतात. पूर्ण अंधारात वाढवलेला कोंब क्षणभर एका बाजूने निळ्या प्रकाशात धरला आणि पुन्हा अंधारात ठेवला, तरी तो काही वेळाने त्या बाजूला वळलेला दिसतो. त्या क्षणभरात त्याने अन्नाचा कणही तयार केलेला नसतो. त्या काळात त्याचे पोषण दाण्यातल्या साठ्यावर चाललेले असते. निळा प्रकाश त्याला पोसत नाही, तर उजेड कोणत्या दिशेला आहे याची खबर देतो, आणि ही खबर घेणारी यंत्रणा हरितद्रव्यापासून पूर्णपणे वेगळी आहे.

ती खबर नेमकी कोठे घेतली जाते, हे चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून पुढे आले. त्यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांच्या शेंड्यांवर अपारदर्शक टोप्या बसवल्या, तेव्हा कोंब वळले नाहीत. शेंडा उघडा ठेवून खालचा भाग झाकला, तेव्हा मात्र ते वळले. म्हणजे प्रकाश जाणवतो शेंड्याला आणि वाकतो त्याच्या खालचा भाग, तेव्हा वरून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे. १९२० च्या दशकात फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबाचे शेंडे अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यांवर ठेवून तो निरोप अगारमध्ये उतरवला. तो तुकडा शेंडा छाटलेल्या कोंबावर एका कडेला ठेवताच कोंब अंधारातही विरुद्ध बाजूला वाकला. तोच ऑक्झिन हा संप्रेरक होय. प्रकाश एका बाजूने आला की ऑक्झिन सावलीच्या बाजूला अधिक जमते, त्या बाजूच्या पेशी अधिक लांबतात आणि कोंब उजेडाकडे कलतो.

अंधाऱ्या खोलीत दूर ठेवलेल्या लहान दिव्याकडेही हे कोंब वळतात, असेही डार्विन पितापुत्रांना आढळले होते. माझा पहाटेचा प्रश्न त्यावरूनच आला.

वारणाकाठ

माझी चूक लक्षात आली. पिवळ्या कोंबाचा मुद्दा निर्विवाद आहे. पण मग निळा प्रकाश ‘पाहणारा’ पदार्थ कोणता? त्याचा शोध लागला आहे का?

विद्यापीठ रस्ता

मी शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. सरांच्या अनुमतीने या प्रश्नाचे उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

हा पदार्थ कॅरोटीनच्या गटातला की फ्लेविनच्या, हा वाद अनेक दशके चालला, कारण दोन्ही पिवळी रंगद्रव्ये निळा प्रकाश शोषतात. अमेरिकेत विन्स्लो ब्रिग्ज यांच्या गटाला १९८८ मध्ये वाटाण्याच्या कोंबाच्या पेशीपटलात असे एक प्रथिन सापडले, की ज्याच्यावर निळा प्रकाश पडताच फॉस्फेटचे गट जोडले जातात. पुढे अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा रोपाचे, प्रकाशाकडे न वळणारे उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले, वाण मिळाले आणि १९९७ मध्ये त्यामागचे जनुक हाती आले. त्या प्रथिनाला फोटोट्रोपिन हे नाव मिळाले आणि प्रकाश टिपणारे रंगद्रव्य फ्लेविन ठरले, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी रायबोफ्लेविनपासून बनणारा रेणू.

त्याचे काम मला विलक्षण सुंदर वाटते. प्रथिनाच्या एका खोबणीत फ्लेविन बसलेले असते आणि त्याच्या शेजारी सिस्टीन हे अमिनो आम्ल असते. निळ्या प्रकाशाचा कण शोषला गेला की काही मायक्रोसेकंदांत फ्लेविन आणि सिस्टीन यांच्यात रासायनिक बंध तयार होतो. त्यामुळे प्रथिनाचा आकार बदलतो, त्याच्या शेपटीकडचा विकराचा भाग मोकळा होतो आणि कामाला लागतो. अंधार झाला की तो बंध सावकाश सुटतो आणि प्रथिन पुन्हा पहिल्या स्थितीत येते. कडी लावावी आणि ती आपोआप निघावी, तसे हे आहे. तांबड्या प्रकाशाच्या कणात तेवढी ऊर्जा नसते आणि फ्लेविन तो शोषतही नाही, म्हणून तांबड्या प्रकाशात ही कडी लागतच नाही.

कोंब इतका बारीक आणि अर्धपारदर्शक असताना त्याच्या दोन बाजूंत उजेडाचा फरक पडतो तरी कसा, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील गटाने दाखवले की अरॅबिडॉप्सिसच्या कोवळ्या खोडात पेशींच्या मधल्या फटींत हवा असते. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश वळतो आणि विखुरतो, त्यामुळे उजेडाची बाजू व सावलीची बाजू यांतला फरक वाढतो. ज्या उत्परिवर्ती रोपांत या फटींमध्ये पाणी भरलेले होते, ती प्रकाशाकडे नीट वळली नाहीत.

मंगळवार पेठ

पहाटे साडेपाचला उठून वाटी पाहिली. सर, तुमचा तर्क बरोबर निघाला. कोंबांचा खालचा भाग अजून खिडकीकडेच झुकलेला आहे, पण वरचा बोटाच्या पेराएवढा भाग दिव्याकडे हलकासा वळला आहे. परडीतल्या कोंबांचेही तेच झाले आहे. सासूबाईंना मुद्दाम जवळ बोलावून दाखवले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून मलाही बरे वाटले.

आता खालचा भाग परत का वळला नाही, हे समजून घ्यायचे आहे. आणि पिवळेपणाचे उत्तर मिळाले असले, तरी उंचीचे अजून राहिले आहे.

पर्णहरित

कोंब वाकतो तो वाढीतल्या फरकामुळे, त्यामुळे ज्या भागाची वाढ संपली तो ज्या स्थितीत असेल त्या स्थितीतच राहतो. वाढता भाग वरचा आहे, म्हणून रात्रीचा बदल तेवढ्यातच दिसला.

उंचीमागे निळ्या प्रकाशाचे दुसरे एक प्रथिन आहे. अंधारात उगवणाऱ्या रोपाला मातीखाली असल्यासारखे वागावे लागते. दाण्यातला साठा संपण्याच्या आत शेंडा उजेडात पोहोचवायचा असतो, म्हणून सगळी शक्ती लांबण्यात खर्च होते आणि पाने आवरून धरली जातात. उजेड मिळाला की लांबणे थांबते आणि पाने उघडतात. हा ‘थांब’ सांगण्यात तांबडा प्रकाश ओळखणाऱ्या फायटोक्रोमचाही मोठा वाटा आहे, पण निळ्या प्रकाशात ही आज्ञा मुख्यतः क्रिप्टोक्रोम देते. १९८० मध्ये नेदरलँड्समध्ये कोर्नीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरॅबिडॉप्सिसची उजेडातही उंच राहणारी काही उत्परिवर्ती रोपे निवडली होती. त्यांतल्या एका प्रकाराची उंची विशेषतः निळ्या प्रकाशातच आवरली जात नव्हती. त्याचे जनुक १९९३ मध्ये अहमद आणि कॅशमोर यांनी ओळखले, तेव्हा ते जिवाणूंमधल्या फोटोलायेज या विकराच्या जनुकाशी मिळतेजुळते निघाले. हा विकर अतिनील किरणांमुळे बिघडलेला डीएनए निळ्या प्रकाशाच्या मदतीने दुरुस्त करतो. दुरुस्तीचे जुने हत्यार वनस्पतीने प्रकाश ओळखण्यासाठी वापरात आणले, असे दिसते. क्रिप्टोक्रोम आपल्याही शरीरात आहे आणि तेथे ते दिवस-रात्रीच्या घड्याळाचा भाग आहे.

तुमच्या देवघरात दिवसभराचा निळा प्रकाश कोंबाला दिशा दाखवण्यापुरता आहे, पण लांबणे थांबवण्याइतका नाही. दिशा ओळखायला फार थोडा प्रकाश पुरतो आणि उंची आवरायला पुष्कळ जास्त लागतो.

शिरोळची रोपवाटिका

हा धागा वाचून प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. आमची शिरोळ तालुक्यात शेडनेटखाली उसाची एक डोळा पद्धतीची आणि भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. पावसाळ्यात ट्रेमधली टोमॅटो आणि मिरचीची रोपे उंच, लेचीपेची होतात आणि शेतकरी ती घ्यायला तयार होत नाहीत. एका विक्रेत्याने जांभळे दिवे लावण्याचा आग्रह धरला व त्यामुळे दर हंगामात निम्मी वाढ अधिक मिळेल असे सांगितले. आम्ही ते घेतले, आणि पैसे गेले तरी फरक दिसला नाही. निळा प्रकाश उंची रोखतो हे खरे असेल, तर आमचे काय चुकले?

पर्णहरित

दादा, नुकसान झाले याचे वाईट वाटते. निळ्या प्रकाशाचे तत्त्व खरे आहे, पण त्याचा अर्थ दिव्याचा रंग बदलला की सगळे साधते असा होत नाही.

बंद खोलीत, जेथे दिव्याशिवाय दुसरा प्रकाशच नाही, तेथे नुसत्या तांबड्या दिव्यांखाली रोपे विचित्र लांबतात आणि त्यात थोडा निळा प्रकाश मिसळला की ती सरळ होतात. तांबड्या आणि निळ्या एलईडीचे जांभळे दिवे तेथूनच आले. तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकात साध्य झाला, त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतरच असे दिवे स्वस्त झाले. पण शेडनेटमध्ये दिवसा आकाशाचा प्रकाश येतोच आणि त्यात निळा भाग भरपूर असतो. तुमची उणीव रंगाची नसून एकूण प्रकाशाची असावी. ढगाळ हवा, त्यावर जाळी, आणि ट्रेमध्ये एकमेकांना खेटून उभी असलेली रोपे, असे तिन्ही एकत्र येते. शेजारच्या पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात तांबडा आणि निळा दोन्ही कमी होतात आणि गडद लाल, जवळजवळ अदृश्य प्रकाश उरतो. रोप त्याचा अर्थ ‘शेजारी मला झाकत आहे’ असा घेते आणि उंच होते. पावसाळ्यात कमी सावलीची जाळी, ट्रे थोडे मोकळे, पाणी आणि नत्र हात राखून, एवढे आधी करून पाहावे. दिव्यांवर पुढचा खर्च त्यानंतरच ठरवावा.

शिरोळची रोपवाटिका

सर, हे पटले. पावसाळ्यातही आम्ही उन्हाळ्याचीच जाळी ठेवतो, हे आता लिहिताना लक्षात आले. एक उपप्रश्न आहे. रस्त्याच्या दिव्याखालचे सोयाबीन इतर पिकापेक्षा उशिरा पिवळे पडते आणि कापणीला हिरवेच राहते. तेही निळ्या प्रकाशामुळेच का?

विद्यापीठ रस्ता

त्याचे मुख्य कारण वेगळे आहे. सोयाबीन हे रात्र पुरेशी लांब झाली की फुलणारे पीक आहे, आणि दिव्यामुळे त्याची रात्र तुटते. रात्रीची ही लांबी ओळखण्यात तांबडा प्रकाश टिपणाऱ्या फायटोक्रोमचा वाटा मोठा असतो. निळ्या प्रकाशाची प्रथिनेही फुलण्याच्या वेळापत्रकात भाग घेतात, पण दिव्याखालच्या सोयाबीनचे श्रेय त्यांना देणे योग्य होणार नाही.

राधानगरी रानवाट

मी दाजीपूरच्या जंगलात नेहमी फिरतो. तेथे दाट सावलीत वाढणाऱ्या झाडोऱ्यावर मधूनच उन्हाचा कवडसा पडतो आणि काही मिनिटांत निघून जातो. सावलीला सवयलेली ती पाने एवढे ऊन कसे सोसतात, याचाही निळ्या प्रकाशाशी संबंध आहे का?

विद्यापीठ रस्ता

होय, आणि या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे. पानाच्या पेशीतल्या हरितकणिका एका जागी खिळलेल्या नसतात. मंद निळ्या प्रकाशात त्या पेशीच्या प्रकाशासमोरच्या भिंतीलगत पसरतात, म्हणजे मिळेल तेवढा उजेड झेलता येतो. प्रखर निळा प्रकाश पडला की त्या बाजूच्या भिंतींशी सरकून एकमेकींच्या सावलीत उभ्या राहतात. फोटोट्रोपिनचे दोन प्रकार आहेत. जमा होण्याचे काम दोन्ही करतात आणि तीव्र प्रकाशात दूर पळण्याचे काम मुख्यतः दुसरा प्रकार करतो. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी हे शोधताना पानावर चीर असलेला काळा कागद ठेवून तीव्र प्रकाश सोडला होता. साध्या पानावर चिरीच्या जागी फिकट पट्टा उमटला, कारण तेथल्या हरितकणिका बाजूला सरकल्या होत्या. ज्या उत्परिवर्ती पानावर पट्टा उमटलाच नाही, त्यात दुसरे फोटोट्रोपिन बिघडलेले निघाले. पळता न येणाऱ्या अशा रोपांची पाने प्रखर उन्हात लवकर खराब होतात.

पानांवरची रंध्रे उघडण्यातही हीच दोन प्रथिने आहेत. निळ्या प्रकाशाने रक्षक पेशींतले प्रोटॉन पंप सुरू होतात, पोटॅशियम आत येते, त्यामागून पाणी येते, पेशी फुगतात आणि मधले रंध्र उघडते. तांबडा प्रकाश भरपूर असतानाही वरून थोडासा निळा प्रकाश सोडला की रंध्रे आणखी उघडतात.

वारणाकाठ

सरांचे वाचून मी घरी मुलीबरोबर एक प्रयोग केला, त्याचा वृत्तान्त देतो. बुटांचे दोन खोके घेतले, प्रत्येकाला एका बाजूला नाण्याएवढे भोक पाडले, एकावर निळा आणि एकावर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावला आणि आत अंधारात उगवलेला जोंधळा ठेवला. दुसऱ्या दिवशी निळ्या खोक्यातले कोंब भोकाकडे चांगलेच वाकले होते. लाल खोक्यातले बहुतेक सरळ होते, पण चार-पाच कोंब एका कोपऱ्याकडे झुकलेले दिसले आणि आम्ही गोंधळलो. मग मुलीनेच खोका उजेडासमोर धरला, तेव्हा त्या कोपऱ्यात झाकणाची फट सापडली. फट काळ्या चिकटपट्टीने बंद करून नवा जोंधळा ठेवला, तो अजून सरळ उभा आहे.

मंगळवार पेठ

आज दसऱ्याला घट उठवला. टोपीत खोवायला कोंब काढताना सासूबाईंनी एकेक कोंब हातात घेऊन पाहिला. प्रत्येकाला दोन वळणे होती, खाली उत्तरेकडचे आणि वर दक्षिणेकडचे. नातवाच्या टोपीत तुरा खोवताना त्यांनीच त्याला सांगितले की यातले खालचे वळण दिवसाचे आहे आणि वरचे रात्रीचे. वाटी मी आता खिडकीपाशी नेऊन ठेवली आहे आणि तिच्यातली पाने हिरवी व्हायला लागली आहेत.